जे बदलले तेवढेच

१९९२ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. सातवीची परीक्षा देऊन मी नुकताच मोकळा झालो होतो. गावच्या मैदानावर दोन शाळांचा क्रिकेटचा सामना होता, आणि मला खेळता मुळीच येत नसल्यामुळे धावफलक सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले होते. हा फलक लाकडी होता आणि त्याला दोन तोंडे होती. एक तोंड मैदानाकडे, खेळणाऱ्यांसाठी. दुसरे मांडवाकडे, बसणाऱ्यांसाठी. मांडवात एक सर वही घेऊन धावा लिहीत. त्यांनी आकडा सांगितला की मी खिळ्यावरची पत्र्याची पाटी काढायची आणि नवी अडकवायची.

काम सोपे होते. एक धाव निघाली म्हणून सगळा फलक कोणी उतरवून ठेवत नाही. सत्तेचाळीसचे अठ्ठेचाळीस झाले तर चाराची पाटी जागच्या जागी राहते. साताची निघते, आठाची चढते. एकेक धाव निघत असेल तर दहांतून नऊ वेळा एकच पाटी बदलावी लागते. मला ही युक्ती कोणी शिकवली नव्हती. आळशी मुलाला ती आपोआप सुचते.

समोरच्या शाळेने ११७ धावा केल्या होत्या. आमच्या १०६ झाल्या असताना एक चौकार गेला आणि ११० झाले. म्हणजे सहाच्या जागी शून्य आणि मधल्या शून्याच्या जागी एक, अशा दोन पाट्या बदलायच्या. मांडवाकडच्या तोंडावर मी दोन्ही बदलल्या. धावत पलीकडे गेलो, सहाची पाटी काढून शून्य लावले, आणि एकाची पाटी शोधायला पेटीत वाकलो. ती सापडेना. तेवढ्यात मैदानात गलका झाला. आमचा आठवा गडी बाद झाला होता. मी बघत उभा राहिलो, आणि ती पाटी राहूनच गेली.

आता मांडवाकडे ११० होते आणि मैदानाकडे १००. दोन षटके उरली होती. नवा फलंदाज पॅड बांधण्याच्या घाईतून उठून आला होता; त्याने फलकाकडे पाहिले आणि बारा चेंडूंत अठरा धावा हव्यात असा हिशोब केला. हव्या होत्या आठ. मांडवातून पोरे ओरडत होती, ‘अरे, सावकाश खेळ!’ पण एवढ्या अंतरावरून त्याला शब्द कुठले कळायला? त्याने उंच फटका मारला आणि झेल गेला. शेवटचा गडी पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला. ११२ वर सगळे बाद. सामना पाच धावांनी गेला.

वही लिहिणारे सर रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “माझी वही बरोबर होती रे. पण खेळणारा वही बघत नाही, फलक बघतो.”

श्रोतेहो, पुढे मी गणित घेऊन एम.ए. झालो आणि कॉलेजात शिकवू लागलो. काही वर्षांनी संगणकाचा वर्गही माझ्याकडे आला. त्या वर्गात एक विषय येतो : संगणकावरच्या खेळात पडद्याचा फक्त बदललेला भाग पुन्हा कसा रंगवावा. तो शिकवायला उभा राहिलो की दर वर्षी मला तो फलक आठवतो. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे. विषय डोळ्यांचा आणि मी बोलतो आहे रेडिओवर, तेव्हा पडदा तुम्हांला मनातल्या मनात उभा करावा लागेल. पण ते काही फार अवघड नाही.

प्रथम पडदा म्हणजे काय ते पाहू. आलेखाच्या कागदावर बारीक चौकोन असतात ना, तसा पडदा ठिपक्यांचा बनलेला असतो. प्रत्येक ठिपक्याचा रंग संगणकाच्या मेमरीत लिहून ठेवलेला असतो. पडदा ती मेमरी सेकंदाला साठेक वेळा वाचतो आणि त्याप्रमाणे उजळतो. पडद्याला चित्र कळत नाही, बाहुली कळत नाही, झाड कळत नाही. मेमरीत जो रंग लिहिलेला असेल तो तो दाखवतो. आणि दुसरा रंग कोणी लिहीपर्यंत तोच दाखवत राहतो. शेवटचे वाक्य जरा ध्यानात ठेवा. या विषयातली सगळी सोय त्यात आहे आणि सगळी आपत्तीही त्यातच आहे.

आता त्या पडद्यावर एक बाहुली डावीकडून उजवीकडे चालवायची आहे. सरळ मार्ग असा की दर वेळी सगळे चित्र पुसावे, आभाळ, जमीन, झाडे पुन्हा रंगवावीत आणि बाहुली एक पाऊल पुढे काढावी. यंत्र चपळ असेल तर यात काही अडचण नाही. परंतु यंत्र चपळ नसेल तर? मग धावफलकाची युक्ती करावी लागते. आभाळ बदललेले नाही, त्याला हात लावू नये. बाहुली जेथून निघाली तेवढी जागा पूर्ववत करावी आणि जेथे गेली तेथे ती काढावी.

ही युक्ती संगणकाने शोधलेली नाही, बरे का. चित्रपटवाल्यांनी ती आधीच वापरली होती. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत अर्ल हर्ड या चित्रकाराने पारदर्शक पत्र्यांची पद्धत काढली. मागचा देखावा एकदाच रंगवायचा. हलणारे पात्र पारदर्शक पत्र्यावर काढून वर ठेवायचे. पात्र हलले की नुसता पत्रा बदलायचा. एरवी प्रत्येक चित्रात मागची घरे आणि डोंगर नव्याने काढण्यात चित्रकारांचे हात मोडून गेले असते.

संगणकी खेळांत या काटकसरीचे जे पहिले मोठे उदाहरण मी वर्गात सांगतो ते जपानचे आहे. १९७८ साली ताइतो या कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नावाचा खेळ बाजारात आणला. तोमोहिरो निशिकादो या गृहस्थांनी तो रचला होता. परग्रहावरच्या प्राण्यांची फौज वरून खाली उतरते आणि खाली एका तोफेने आपण तिला टिपायचे, असा तो खेळ. फौजेत अकरा अकरा जणांच्या पाच ओळी, म्हणजे पंचावन्न जण. यंत्राचा मेंदू होता ८०८० हा प्रोसेसर, सेकंदाला वीस लाख ठोके देणारा. आज हा आकडा मोठा वाटत नाही. पंचावन्न चित्रे दर वेळी पुसून पुन्हा काढणे त्या यंत्राला झेपणारे नव्हते.

मग निशिकादोंनी काय केले? पडदा सेकंदाला साठ वेळा ताजा होतो. दर वेळी पंचावन्नांपैकी एकालाच हलवायचे. पुढच्या वेळी त्याच्या शेजाऱ्याला. असे करत सगळ्या फौजेचे एक पाऊल पुरे व्हायला पंचावन्न फेऱ्या, म्हणजे जवळजवळ एक सेकंद लागतो. आपल्या डोळ्यांना ती फौज लयीत सरकताना दिसते.

गंमत पुढेच आहे. खेळणारा एकेक प्राणी टिपत जातो. तीस उरले की सगळ्यांचे पाऊल अर्ध्या सेकंदात पुरे होते. दहा उरले की एका सेकंदात सहा पावले. आणि शेवटचा एकटा उरला की तो दर फेरीला हलतो, सेकंदाला साठ वेळा! म्हणजे शत्रू जितके थोडे, तितके चपळ. खेळ आपोआप रंगत जातो आणि खेळणाऱ्याच्या हाताला घाम सुटतो. हा वेग मुद्दाम बसवलेला नव्हता. यंत्राच्या अशक्तपणातून तो उपजला होता. निशिकादोंनी तो पाहिला, ओळखला आणि तसाच ठेवला. मला त्यांची कारागिरी येथे दिसते. यंत्राचा दोष पुष्कळांना दिसतो. त्यात गुण दडलेला आहे हे ओळखणारा एखादाच असतो.

दुसरे उदाहरण १९९० चे, अमेरिकेतले. लुइझियाना राज्यात श्रीव्हपोर्ट नावाचे गाव आहे. तेथे सॉफ्टडिस्क या कंपनीत जॉन कारमॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि एड्रियन कारमॅक ही तरुण मंडळी कामाला होती. (दोन कारमॅकांचे नाते काही नाही, नुसते आडनाव एक.) त्या काळी जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा मारिओ हा मिशाळ नायक घराघरांत पोचला होता. तो धावू लागला की मागचा देखावा कसा अलगद, लोण्यासारखा सरकत असे. कारण निन्टेन्डोच्या यंत्रात चित्र सरकवण्यासाठी वेगळी चिप होती. ऑफिसातल्या पी.सी.मध्ये तशी सोय नव्हती. पी.सी. बनला होता पत्रे लिहायला आणि जमाखर्च मांडायला.

येथे जरा हिशोब करू. तेव्हाचे पी.सी. ज्या ई.जी.ए. पद्धतीने रंगीत चित्र दाखवत, तिच्यात आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके वापरीत. गुणाकार ६४,०००. सोळा रंगांपैकी एक रंग सांगायला प्रत्येक ठिपक्याला अर्धा बाइट लागतो. म्हणजे एका चित्राला ३२,००० बाइट. देखावा सरकवायचा तर हे सगळे सेकंदाला तीस-पस्तीस वेळा लिहायचे. त्या यंत्राला ते जमत नव्हते. चित्र सरकण्याऐवजी गचके खात चाले.

कारमॅकने यावर जो तोडगा काढला तो आपण सावकाश समजून घेऊ. कारण तो समजला की हा सगळा विषय समजला. त्याने पडद्याचे चौकोनी फरश्यांत तुकडे कल्पिले. एकेक फरशी सोळा ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच. म्हणजे पडद्याच्या एका आडव्या ओळीत वीस फरश्या बसतात. मेमरीत त्याने पडद्यापेक्षा एक फरशीभर मोठे चित्र ठेवले आणि पडदा म्हणजे त्या चित्रावर ठेवलेली खिडकी मानली. ई.जी.ए. कार्डात एक सोय होती. खिडकी कोठून सुरू करायची हे त्याला नुसते सांगता येई, अगदी एकेका ठिपक्याच्या अंतराने. तेव्हा नायक चालू लागला की खिडकी एकेक ठिपका सरकवायची. रंगवायचे काहीच नाही! सोळा ठिपके सरकेपर्यंत काम फुकटात होते.

पण सोळा ठिपक्यांनंतर खिडकी चित्राच्या कडेला येऊन ठेपते. आता काय? आता खिडकी मूळ जागी परत आणायची आणि मागचे सगळे चित्र एक फरशी डावीकडे सरकवायचे. म्हणजे प्रत्येक जागेवर तिच्या उजव्या शेजारणीचे चित्र यायला हवे. ऐकायला हे पुन्हा सगळे चित्र रंगवण्यासारखेच वाटते. मात्र येथेच कारमॅकने एक साधा प्रश्न विचारला : शेजारीण वेगळी आहे काय?

असे पहा. एका ओळीत वीसही फरश्या निळ्या आभाळाच्या आहेत. प्रत्येक जागी उजवीकडची फरशी आणायची, तीही निळीच. म्हणजे एकही फरशी रंगवायला नको. आता आभाळात मध्येच तीन विटांची भिंत आली असे समजा. भिंत एक घर डावीकडे सरकली. तिच्या डाव्या टोकाला आभाळाच्या जागी वीट आली, उजव्या टोकाला विटेच्या जागी आभाळ आले. मधल्या दोन विटा होत्या तेथे विटाच राहिल्या. वीस फरश्यांच्या ओळीत रंगवायच्या फक्त दोन! बाकीच्या अठरांना हात लावायचे कारण नाही, आणि पाहणाऱ्याला मात्र सबंध जग सरकल्यासारखे दिसते.

अर्थात एक अट राहते. देखाव्यात आभाळ, जमीन, विटा अशी पुन्हा पुन्हा येणारी नक्षी हवी. प्रत्येक फरशी शेजारणीपेक्षा वेगळी काढली तर ही युक्ती कोलमडते. म्हणजे चित्र काढणाऱ्याने यंत्राची गरज ओळखायची आणि यंत्र चालवणाऱ्याने चित्राचा स्वभाव.

१९९० च्या सप्टेंबरमध्ये एका रात्री कारमॅक आणि टॉम हॉल जागत बसले. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ या खेळाचा पहिला टप्पा हॉलने पाहून पाहून फरशीगणिक उतरवला. कारमॅकने तो पी.सी.वर चालवला. मारिओच्या जागी रोमेरोच्या एका जुन्या खेळातले पात्र घातले. सकाळी रोमेरो कामावर आला तो टेबलावर डिस्क. त्याने ती लावली आणि पाहतच राहिला. आपल्या ऑफिसातला पी.सी. मारिओसारखा धावतो आहे हे त्याला खरे वाटेना. पुढे या मंडळींनी तो नमुना वाढवून निन्टेन्डोला दाखवला. पण त्या कंपनीला पी.सी.साठी खेळ काढायचा नव्हता. तेव्हा त्यांनी स्वतःचेच पात्र निर्माण केले : भावाचे हेल्मेट डोक्यावर घालून मंगळावर जाणारा आठ वर्षांचा पोरगा. ‘कमांडर कीन’ हा तो खेळ १४ डिसेंबर १९९० रोजी बाहेर पडला. त्याच्या पैशांच्या जोरावर नोकरी सोडून या मंडळींनी १९९१ साली ‘इड सॉफ्टवेअर’ ही आपली कंपनी काढली. निन्टेन्डोला दाखवलेला मारिओचा तो नमुना २०२१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर येथील खेळण्यांच्या संग्रहालयाकडे आला.

आता माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगतो. दोनतीन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने प्रकल्प म्हणून सारीपाटाचा खेळ केला. अधिक चिन्हासारखा पट, सोळा सोंगट्या, तीन फासे. पट सुरेख दिसत होता. पण तिच्या घरी होता जुना, स्वस्तातला मोबाइल, आणि तोच फोन वडील दिवसा कामावर नेत. ती सांगू लागली, “सर, खेळ चालतो चांगला, पण अर्ध्या तासात फोन तापतो आणि बॅटरी उतरते. बाबा म्हणतात, तुझ्या खेळापायी मला संध्याकाळी कोणाचा फोन येत नाही. मी प्रकल्प बदलू का?”

तिचा प्रोग्राम पाहिला. सगळा पट, सगळी घरे, सगळ्या सोंगट्या ती सेकंदाला साठ वेळा पुन्हा रंगवत होती. सारीपाटात माणूस फासे टाकतो, विचार करतो, समोरच्याला चिडवतो आणि मग एखादी सोंगटी हलवतो. तेवढ्या अर्ध्या मिनिटात हिचा फोन अठराशे वेळा तोच पट रंगवून मोकळा होई! मी म्हटले, “अगं, कोणी हललेच नाही तर तू काय रंगवतेस?” ती हसली. पहिली दुरुस्ती त्या एका प्रश्नात झाली. काही बदलले नसेल तर काहीच रंगवू नये. या विषयातली सर्वांत मोठी बचत हीच आहे, आणि इतकी साधी असल्यामुळे ती नेमकी विसरली जाते.

दुसरी दुरुस्ती सोंगटी हलताना करायची. ती जेथून निघाली ते घर आणि जेथे पोचली ते घर, एवढ्यांचीच नोंद करायची. प्रोग्राम लिहिणारे अशा जागांना ‘डर्टी रेक्टँगल’, म्हणजे मळलेले चौकोन म्हणतात. मळलेल्या चौकोनांची यादी करावी, त्यांत आधी पट रंगवावा, मग त्यांवरच्या सोंगट्या काढाव्यात आणि यादी कोरी करावी. क्रम महत्त्वाचा आहे. दोन चौकोन एकमेकांवर चढत असतील तर त्यांचा मिळून एक करावा, नाहीतर तीच जागा दोनदा रंगते.

चार दिवसांनी ती पुन्हा आली. चेहरा पडलेला. “सर, आता फोन तापत नाही, पण एका सोंगटीच्या पाच सोंगट्या दिसतात.” सोंगटी पुढे जाई आणि मागे तिची भुते उरत. मघाशी मी एक वाक्य ध्यानात ठेवायला सांगितले होते : दुसरा रंग कोणी लिहीपर्यंत पडदा तोच दाखवत राहतो. तिने सोडलेल्या घराची नोंदच केली नव्हती. फक्त पोचलेल्या घराची केली होती. ते निस्तरले. तरी एक भूत राहिलेच. सोंगटी आता मागे उरत नसे, पण लुकलुकत असे : एका क्षणी दिसे, दुसऱ्या क्षणी नाहीशी.

याचे कारण शोधायला मात्र मला फार वेळ लागला नाही. रंगवण्याचे काम चालू असताना अर्धवट चित्र डोळ्यांना दिसू नये म्हणून पडद्याची दोन पाने ठेवण्याची रीत आहे. एक पान दिसत असते, तोवर दुसरे रंगवायचे. मग त्यांची अदलाबदल करायची. तिने सोडलेले घर एका पानावर पुसले होते आणि दुसऱ्या पानावर ते राहून गेले होते. पाने आलटून पालटून दिसत, म्हणून सोंगटी लुकलुके. मी तिला म्हटले, “एक यादी पुरत नाही. प्रत्येक पानाचा मळ वेगळा असतो. प्रत्येकाची यादी वेगळी हवी.” आणि मग तिला तो दोन तोंडांचा फलक, पेटीत न सापडलेली एकाची पाटी आणि पाच धावांनी गेलेला सामना, सगळे सांगितले. माझ्या चुकीचा कोणाला उपयोग झाला असेल तर तो त्या दिवशी.

प्रकल्प पुरा झाला. तिच्या वडिलांचा फोन संध्याकाळपर्यंत टिकू लागला.

पण श्रोतेहो, एकच बाजू सांगून मी उठलो तर तो मास्तरकीचा लबाडपणा होईल. त्याच वर्गात एक मुलगा होता. तो म्हणाला, “सर, आजच्या यंत्रांत चित्रासाठी वेगळा प्रोसेसर असतो. तो सगळा पडदा एका क्षणात रंगवतो. मग याद्या ठेवायच्या कशाला? यादी चुकली की भुते. सगळे पुसून सगळे रंगवले की भुताला जागाच नाही.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ज्या खेळात आपण धावत्या माणसाच्या डोळ्यांनी जग पाहतो, त्यात मान किंचित वळली की पडद्यावरचा जवळजवळ प्रत्येक ठिपका बदलतो. तेथे काय बदलले याची यादी करणे म्हणजे सगळ्या गावाची नावे लिहून वर ‘गैरहजर’ असा मथळा देण्यासारखे आहे. अशा ठिकाणी सगळे पुन्हा रंगवणेच स्वस्त पडते आणि बिनचूकही होते. खुद्द कारमॅकनेही फरश्यांची ती युक्ती उराशी धरून ठेवली नाही. १९९१ अखेरच्या पुढच्या ‘कीन’ खेळात त्याने दुसरी पद्धत घेतली. कार्डाची मेमरी रहाटाच्या माळेसारखी फिरती मानून फक्त कडेला नव्याने येणारी फरश्यांची पट्टी रंगवायची. एका वर्षात स्वतःचीच युक्ती बाजूला ठेवायला मोठे मन लागते.

आणि बदललेलेच तेवढे रंगवणाऱ्यांनाही अधूनमधून सगळे धुऊन काढावे लागते. पुस्तके वाचण्याची जी ई-शाईची यंत्रे मिळतात ती तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. पान उलटताना त्यांवर मागच्या पानाच्या अक्षरांची पुसट छाया मागे राहते. म्हणून काही पानांनंतर सबंध पडदा एकदा काळा-पांढरा होऊन ताजा होतो. परदेशी गेलेल्या मुलाशी आपण मोबाइलवर चेहरा पाहत बोलतो, तेव्हाही तारेतून मुख्यतः बदललेला भागच येतो. त्याच्या मागची भिंत पुन्हा पुन्हा पाठवली जात नाही. पण मध्येच काही हरवले तर चूक साचत जाऊ नये म्हणून गरजेप्रमाणे एखादे चित्र पूर्ण पाठवतात. दिवाळीला आपण घर सगळे झाडतो. म्हणून रोजचा केर काढणे चुकत नाही, आणि रोजचा केर काढतो म्हणून दिवाळी चुकत नाही.

तेव्हा त्या मुलाला मी असे उत्तर दिले : “तुझ्याजवळ चपळ यंत्र असेल आणि पडद्यावर सगळेच हलत असेल, तर खुशाल सगळे रंगव. पण तुझा खेळ कोणाच्या हातात जाणार ते आधी विचार. त्याचा फोन तुझ्या फोनाएवढा नवा असेलच असे नाही. त्याच्या घरी चार्जिंगला वीज हवी तेव्हा असेलच असेही नाही. काय बदलले हे तुला ठाऊक असेल, तर दोन्ही मार्ग तुला मोकळे आहेत. ठाऊकच नसेल तर एकच मार्ग उरतो, आणि त्याचा खर्च दुसऱ्याच्या बॅटरीतून जातो.” त्याला ते पटले की नाही, सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात तो सारीपाटाच्या प्रोग्रामची एक प्रत मागून घेऊन गेला, एवढे खरे.

काटकसरीने रंगवणे हा एक प्रकारचा विश्वास आहे. ज्या भागाला आपण हात लावत नाही, तो बरोबर आहे असे आपण समोरच्याला सांगत असतो. माझ्या फलकावर मधले शून्य मी बदलले नाही; म्हणजे ते खरे आहे असे मी त्या फलंदाजाला सांगितले. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि फटका मारला.

तो फलंदाज अजून गावातच असतो. भेटला की मला म्हणतो, “काय मास्तर, सापडली का एकाची पाटी?” मी म्हणतो, शोधतो आहे.